पोलादपूर परिसरातील उताराच्या जमिनीवर प्रीफॅब घर : पायाविषयी मार्गदर्शन हवे आहे

सावित्रीकाठ

नमस्कार. रायगड जिल्ह्यात पोलादपूर तालुक्यात आमची अकरा गुंठे वडिलोपार्जित वरकस जमीन आहे. माझ्या आजोबांच्या काळी तिथे नाचणी आणि वरी होत असे. गेली तीस वर्षे ती पडून आहे. दोन वर्षांनी मी नोकरीतून निवृत्त होईन आणि त्यानंतर वर्षातील निदान सहा महिने आम्ही उभयतांनी तिथे राहावे असा विचार आहे. घर लहानच हवे आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी मिळून साधारण साठ चौरस मीटर पुरेसे होईल.

प्रीफॅब पद्धतीकडे वळण्याचे कारण हौस नव्हे. गावच्या रस्त्यापासून आमच्या जागेपर्यंत शेवटचे ऐंशी मीटर केवळ बैलगाडीची जुनी वाट आहे. चिरा, वाळू, खडी आणि पाणी त्या वाटेने वर नेणे, गवंडी मिळवणे आणि दसऱ्यापासून मृगापर्यंतच्या आठ महिन्यांत सगळे काम उरकणे हे आमच्या वयाला झेपणारे नाही. कारखान्यात तयार झालेले भाग जागेवर आणून जोडता आले, तर निम्मा त्रास वाचेल असे वाटले.

आतापर्यंत दोन विक्रेत्यांशी बोलणे झाले आहे. पहिला पूर्ण तयार खोल्या ट्रेलरवर आणून क्रेनने बसवून देतो. त्याचे म्हणणे असे की, आम्ही जेसीबी लावून जागा सपाट करून द्यावी, पुढचे सर्व तो पाहील. दुसरा हलक्या पोलादी पट्ट्यांचा सांगाडा आणि पॅनेले सुटी आणून जागेवर जोडतो. दोघांच्याही दरपत्रकात ‘पाया ग्राहकाच्या कक्षेत’ असे एकच वाक्य आहे, आणि माझी सगळी अडचण त्या वाक्यात आहे. डोंगर कापून सपाटी करावी की उतार तसाच ठेवून खांबांवर घर उभारावे, याचे उत्तर दोघेही देत नाहीत. पहिला विक्रेता तर महिनाअखेरपूर्वी अनामत भरण्याचा आग्रह धरत आहे.

शेजारच्या महाड तालुक्यात तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी जे घडले, ते आमच्या भागातील कोणीही विसरलेले नाही. म्हणून घर कसे दिसेल याआधी ते कशावर उभे राहील हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी अशा जागेवर प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओळंबा

मी स्थापत्य अभियंता आहे आणि कोकणात व घाटमाथ्यावर पायाची कामे बरीच केली आहेत. आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. उतारावरच्या प्रीफॅब घराचा अवघड भाग कारखान्यात कधीच तयार होत नाही. तो आपल्या जमिनीवरच करावा लागतो. त्यामुळे अनामत भरण्याची घाई कृपया करू नये.

सर्वप्रथम उतार मोजून घ्या. महाराष्ट्रात २०२० साली लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकाम अनुज्ञेय नाही. पाच मीटर आडवे चालल्यावर एक मीटर चढ, म्हणजे सुमारे ११ अंश. डोळ्यांना हा उतार फारसा वाटत नाही, म्हणून अंदाजाने ठरवू नये. पुढे टोटल स्टेशनने (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा करून घ्यावाच लागेल. तोपर्यंत गवंड्याकडे असते ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी आणि टेप एवढ्यावर प्राथमिक माप घरच्या घरी घेता येते.

आता सपाटी की खांब, याविषयी. डोंगर कापला की दोन नव्या अडचणी एकाच वेळी जन्माला येतात. वरच्या बाजूला उभा कापलेला दरडीचा भाग तयार होतो आणि खालच्या बाजूला निघालेल्या मातीचा भराव होतो. सैल टाकलेला भराव पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत खचत राहतो. घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला, तर दोन्ही भाग सारखे बसत नाहीत आणि सांगाडा पिळवटतो. घर हलके आहे म्हणून भराव चालेल हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, पण तो चुकीचा आहे. भराव घराच्या वजनापेक्षा स्वतःच्या वजनाने आणि त्यात मुरलेल्या पाण्याने अधिक खचतो.

त्यामुळे आपल्यासारख्या जागेवर मी शक्यतो खांबांचा पाया सुचवतो. उतार जवळपास तसाच राहतो, पाण्याच्या जुन्या वाटा बुजत नाहीत आणि प्रत्येक फुटिंग (खांबाखालचा रुंद काँक्रीटचा तळ) मूळ जमिनीत, कठीण मुरमात किंवा कातळावर टेकवता येते. भारतीय मानक क्रमांक १९०४ (आयएस १९०४) यात उतारावरच्या फुटिंगसाठी स्पष्ट मर्यादा दिल्या आहेत. फुटिंगच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर मातीत किमान ९० सेंटीमीटर आणि खडकात किमान ६० सेंटीमीटर असावे लागते. शेजारची दोन फुटिंग वेगवेगळ्या पातळीवर असतील, तर मातीत त्यांच्या लगतच्या तळकडा जोडणारी रेषा दोन आडवे-एक उभे यापेक्षा तीव्र असू नये, नाहीतर वरच्या फुटिंगचा भार खालच्याच्या अंगावर येतो.

खांबांच्या पायाला मात्र स्वतःचा एक धोका आहे आणि तो विक्रेत्यांच्या चित्रांत कधीही दिसत नाही. उतारावर डोंगराकडचे खांब आखूड आणि दरीकडचे लांब असतात. भूकंपात जमीन आडवी हलते तेव्हा आखूड खांब अधिक ताठर असल्यामुळे बहुतेक आडवा भार तेच ओढून घेतात. जाडी आणि दोन्ही टोकांची पकड सारखी असेल, तर एक मीटरचा खांब तीन मीटरच्या खांबापेक्षा २७ पट ताठर असतो. म्हणजे दिसायला मजबूत वाटणारे आखूड खांबच आधी तुटतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या जागेपासून फार दूर झालेला नाही, त्यामुळे हा केवळ पुस्तकी मुद्दा समजू नये. उपाय असा की, लांब खांबांना दोन्ही दिशांना तिरपे आधार देऊन ते ताठर करायचे, सर्व खांब पायथ्याशी टाय बीमने (एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या तुळयांनी) बांधायचे आणि शक्य असेल तर डोंगराकडचे आखूड खांब पुरेशी मोकळी उंची मिळेल इतके खोल न्यायचे.

दुसरी बाब वाऱ्याची. जड घराला वारा ढकलतो. हलक्या घराला तो उचलतोसुद्धा. मानकाप्रमाणे वाऱ्याचा मूलभूत वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरतात, परंतु डोंगराच्या उतारावर आणि माथ्याजवळ वारा वेग घेतो म्हणून त्याला १.३६ पर्यंतचा गुणक लावावा लागतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तोच दाब जवळपास १.८५ पट होतो. खांबांवरच्या घराखालूनही वारा शिरतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये किती पत्रे उडाले हे आपण पाहिलेच असेल. म्हणून विक्रेत्याकडून प्रत्येक खांबावर येणारा खालचा भार, आडवा भार आणि वर उचलणारा भार असे तिन्ही आकडे लेखी मागा. हे आकडे जो देऊ शकत नाही, त्याने आपल्या जागेसाठी संकल्पन केलेलेच नाही असे समजावे.

रानजाई

आमचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. ओळंबा यांनी जे लिहिले आहे त्यातील भरावाची चूक आम्ही केली, म्हणून ती जशी घडली तशी सांगते.

आमची जागा रस्त्याकडून खाली उतरत जाणारी होती. घर पुरवणाऱ्याने सपाट जागा मागितली, म्हणून आम्ही चार दिवस जेसीबी लावला. वरची माती काढून खाली ढकलली, तिच्यापुढे जांभ्याच्या चिऱ्यांची दोन मीटर उंच भिंत सिमेंटमध्ये बांधली आणि त्या सपाटीवर काँक्रीटचे जोते घालून घर ठेवले. पहिला पावसाळा व्यवस्थित गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, आषाढातील सलग पाच दिवसांच्या पावसानंतर, न्हाणीघराचे दार लागेनासे झाले. आम्ही समजलो की दार फुगले. प्रत्यक्षात दार पत्र्याचे होते, ते फुगणार कसे, हे तेव्हा लक्षात आले नाही. दोन दिवसांनी पॅनेलांचे सांधे बोटभर उघडले आणि खाली जाऊन पाहिले तर भिंतीला पोट आलेले होते.

त्या भिंतीत पाणी बाहेर पडायला एकही भोक ठेवलेले नव्हते आणि तिच्या मागे खडीचा थरही नव्हता. पूर्वी कोकणात आपण गडगे घालत होतो ते कोरडे असत, दगडांच्या फटींतून पाणी झिरपून जाई आणि गडगा उभा राही. आम्ही त्याच ठिकाणी सिमेंटने सगळ्या फटी बुजवल्या आणि मागे पाण्याचा साठा तयार केला. मातीचा नव्हे, त्या साठलेल्या पाण्याचा रेटा भिंतीला सहन झाला नाही.

दुसरी चूक शोषखड्ड्याची. वास येऊ नये म्हणून तो घरापासून दूर, पण वरच्या अंगाला खणला होता. म्हणजे घरातले सांडपाणी पंपाने वर चढवून आम्ही घरामागच्याच उतारात मुरवत होतो. उतारावर शोषखड्डा नेहमी घराच्या आणि पायाच्या खालच्या बाजूला, बाजूला सरकवून घ्यावा. विहीर असेल तर तिच्यापासूनही लांब.

प्रीफॅब पद्धतीविषयी एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. घर बोल्टने जोडलेले होते म्हणून ते वाचले. दिवाळीनंतर पॅनेले उतरवली, सांगाडा सोडवला, भराव काढून टाकला, मूळ मुरमापर्यंत खड्डे घेऊन बारा खांब उभे केले आणि तेच घर त्यांच्यावर पुन्हा जोडले. तीन पॅनेले आणि एक खिडकी एवढेच निकामी झाले. चिऱ्यांचे घर असते तर पाडावेच लागले असते. पण दोन वेळा पाया घातल्याचा खर्च मूळ घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला, आणि त्या दोन रात्री आम्ही शेजाऱ्यांच्या ओटीवर काढल्या हे वेगळेच.

सावित्रीकाठ

ओळंबा आणि रानजाईताई, दोघांचेही मनापासून आभार. रविवारी भाच्याला सोबत घेऊन लेव्हलच्या नळीने माप घेतले. जमिनीच्या वरच्या भागात १८ मीटर अंतरात ४.१ मीटर उतार भरला, म्हणजे साधारण १:४.४. खालच्या भागात १५ मीटरमध्ये २.३ मीटर, म्हणजे १:६.५. दुर्दैवाने आम्ही घरासाठी मनात धरलेली जागा, जिथून सावित्रीचे पात्र दिसते, ती वरच्याच भागात आहे. ती आता सोडून द्यावी लागेल हे उघड आहे.

खालच्या भागाविषयी एक शंका आहे. तिथे पश्चिमेच्या कोपऱ्यात एक पट्टा कार्तिकापर्यंत ओला राहतो आणि बाकी माळ पिवळा पडला तरी तिथले गवत होळीपर्यंत हिरवे असते. गावातील वयस्कर मंडळी त्याला ‘उपळा’ म्हणतात. त्याच्यापासून आठ-दहा मीटर बाजूला घर घेतले तर चालेल का?

ओळंबा

ही माहिती आपण दिली हे फार बरे झाले, कारण माती परीक्षणाच्या अहवालाइतकीच ती मोलाची आहे.

सह्याद्रीचा डोंगर म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर आहेत. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटकरी रंगाचा, चिकणमातीसारखा पातळ थर सापडतो. वरच्या खडकाच्या भेगांतून उतरलेले पाणी या थरावर येऊन अडते आणि आडवे वाहत उताराच्या पोटातून बाहेर पडते. आपला उपळा बहुधा अशाच जागी असावा. अडचण अशी की, पाणी जिथे दिसते तेवढ्यापुरता ओलावा नसतो. तो थर त्याच पातळीवर दोन्ही बाजूंना पसरलेला असू शकतो. म्हणून आठ-दहा मीटर हे अंतर स्वतःहून काहीच सांगत नाही. घराच्या नियोजित जागेच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यभागी दोन ते अडीच मीटर खोल खड्डे घ्या आणि प्रत्येकात कोणता थर किती खोलीवर लागतो ते लिहून ठेवा. तांबडा चिकट थर लागला तर काम थांबवून भू-तंत्रज्ञाला दाखवा. खड्डे एप्रिलमध्ये कोरडे दिसतील. त्यांची खरी परीक्षा ऑगस्टमध्ये होते, त्यामुळे एखादा खड्डा कुंपण घालून, वर झाकण ठेवून पावसाळाभर राखता आला आणि आठवड्याला त्यातील पाण्याची पातळी मोजता आली, तर अतिशय उपयोग होईल.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूस्खलन-प्रवणता नकाशा त्यांच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतो. तो अवश्य पाहा, पण त्याचे प्रमाण १:५०,००० आहे हे लक्षात ठेवा. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर, आणि आपली अकरा गुंठे जमीन म्हणजे जेमतेम तेहतीस मीटरचा चौरस. नकाशा डोंगराविषयी सांगेल, आपल्या शेताविषयी सांगणार नाही. शिवाय दरड आपल्या हद्दीत सुरू होईल असे नाही, म्हणून हद्दीच्या वर दोनशे-तीनशे मीटर चढून जाऊन पाहा. उताराला आडव्या भेगा, बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ झालेली झाडे, एका रेषेत कललेले विजेचे खांब किंवा नव्याने फुटलेले झरे दिसले, तर ती जागा घरासाठी नाही.

घाटवाट

पायाची चर्चा उत्तम चालली आहे. मी जड सामान वाहून नेण्याच्या आणि उभारणीच्या कामात आहे, म्हणून वाहतुकीविषयी लिहितो, कारण पूर्ण तयार खोल्या घ्यायच्या की सुटी पॅनेले, हा निर्णय आपल्या त्या ऐंशी मीटरच्या वाटेवरच होईल.

वीस फुटी कंटेनरच्या मापाची खोली म्हणजे ६.०६ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद. मोकळ्या कंटेनरचे वजनच सव्वादोन टनांच्या आसपास असते. आत फरशी, स्वच्छतागृह, अस्तर असे सगळे बसवल्यावर ते बरेच वाढते. चाळीस फुटी खोली १२.१९ मीटर लांब असते आणि तिचा ट्रेलर घाटातील अरुंद वळणावर एका दमात वळत नाही. वरंध घाट अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यात जड वाहनांना बंद ठेवला जातो, त्यामुळे पुण्याहून आणायचे असेल तर मार्ग आणि महिना दोन्ही आधी ठरवावे लागतील.

त्याहून महत्त्वाची क्रेन. आपल्याकडे सहज मिळते ती हायड्रा. तिच्यावर १२ किंवा १४ टन लिहिलेले असते, पण तेवढे वजन ती बूम (वजन उचलणारा लांब दांडा) अगदी जवळ असतानाच उचलते. बूम जितकी लांब जाईल तितकी क्षमता झपाट्याने कमी होते, आणि उतारावर क्रेन घराच्या जवळ उभीच राहू शकत नसल्याने बूम लांब न्यावीच लागते. शिवाय क्रेन सपाट आणि घट्ट जमिनीवर उभी असावी लागते. उतारावर वजन लटकवून हायड्रा चालवणे हे माणसे दगावण्याचे काम आहे; कोणी ‘जमवून घेऊ’ म्हणाले तरी त्यास संमती देऊ नये. पूर्ण खोली बसवण्यासाठी क्रेनकरिता वेगळी सपाटी आणि ऐंशी मीटरचा रुंद रस्ता कापावा लागेल, म्हणजे जो डोंगर घरासाठी कापायचा टाळला तो क्रेनसाठी कापला जाईल.

हलक्या पोलादी सांगाड्याचे घर घेतले, तर एकेक भाग चार माणसांना उचलता येईल असा करून मागता येतो. छोट्या पिकअपने सामान वाटेच्या तोंडाशी आणि तिथून हाताने वर. उभारणीला दिवस अधिक लागतात, पण डोंगराला धक्का लागत नाही. सामान उतरवून घेताना एवढे पाहा की, पट्ट्या जागेवर ग्राइंडरने कापल्या जात नाहीत ना. कापलेल्या कडेवरचा जस्ताचा थर जातो आणि कोकणच्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो.

सातबारा

‘प्रीफॅब घर उचलून नेता येते, म्हणून परवानगी लागत नाही’ असे आपल्यालाही सांगितले जाईल. ते मान्य करू नये. इमारतीच्या व्याख्येत ती कोणत्याही साहित्याची असली तरी येते. जमीन वरकस आहे, म्हणजे शेतजमीनच आहे. अकृषिक वापराची बाब, प्रादेशिक योजनेतील विभाग आणि १:५ ची अट या तिन्ही गोष्टी नगररचना कार्यालयाकडून लेखी स्पष्ट करून घ्या. गावठाणाच्या हद्दीपासून आपली जमीन २०० मीटरच्या आत असेल, तर महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली अकृषिकाची प्रक्रिया सोपी होते, पण बांधकामाची परवानगी तरीही वेगळी घ्यावीच लागते. गोव्यातील वाचकांसाठी एवढेच की, तिथे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे डोंगर कापण्यासाठीच पूर्वपरवानगी आवश्यक आहे.

विम्याविषयीही आताच विचारून घ्या. २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत दरड कोसळणे आणि घराखालची जमीन खचणे या जोखमींचा समावेश आहे. मात्र सदोष संकल्पन किंवा सदोष बांधकाम यांमुळे झालेली हानी आणि नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे तिच्यात येत नाही. म्हणजे भराव खचला तर भरपाई मिळणे अवघड. प्रीफॅब घर पक्के बांधकाम धरले जाईल का, याचे उत्तर कंपनीकडून लेखी घ्यावे.

दक्षिणवारा

मी गेली अनेक वर्षे न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला राहते. हे शहर टेकड्यांच्या उतारांवर वसलेले आहे, भूकंप आणि वारा दोन्ही इथे नित्याचे आहेत, आणि बहुसंख्य घरे हलक्या लाकडी सांगाड्याची व अनेक ठिकाणी खांबांवर उभी आहेत. म्हणून ओळंबा यांनी तिरप्या आधारांविषयी जे लिहिले, त्याला इथल्या व्यवहाराचा दुजोरा द्यावासा वाटला.

इथे लाकडी घरांसाठी ३६०४ क्रमांकाचे मानक आहे आणि त्यात घराखालच्या खांबांची केवळ संख्या नव्हे, तर त्यांपैकी किती खांब आडवा भार घेणारे असावेत हेही ठरवून दिलेले आहे. साधे खांब फक्त वजन पेलतात. तिरप्या आधाराने जोडलेले किंवा खोल काँक्रीटमध्ये रुतवलेले खांब घराला बाजूला सरकू देत नाहीत. जुन्या घरांची तपासणी करताना इथला निरीक्षक प्रथम घराखाली शिरतो आणि खांब तुळईला कशाने बांधला आहे ते पाहतो. त्यासाठी घराखाली माणूस सरपटत जाईल एवढी जागा सर्वत्र ठेवलेली असते. आपल्याकडेही ती ठेवावी, कारण पाण्याचे आणि सांडपाण्याचे सगळे नळ तिथूनच जाणार आणि गळती होऊन उतारात पाणी मुरू लागले तर ती लवकर दिसली पाहिजे.

कोकणाच्या दृष्टीने एक भर घालते, कारण माझे माहेर सावंतवाडीचे आहे. घराखालची मोकळी जागा बंदिस्त करू नका, पण बारीक जाळी लावा. उंदीर पॅनेलांच्या आतला फोम पोखरतात आणि उंदरांमागे साप येतात. घराच्या फरशीचा तळ खालूनही ओलरोधक करून घ्या. पावसाचा पत्र्यावरचा आवाज इथल्या पावसात सोसतो, आषाढातल्या पावसात सोसणार नाही. छताच्या पत्र्याखाली जाड रॉकवूलचा (खडकापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचा) थर मागा. त्याने आवाज आणि उन्हाळ्यातली तलखी दोन्ही कमी होतील.

सावित्रीकाठ

सर्वांचे प्रतिसाद छापून काढले आणि शनिवारी घरात मोठ्याने वाचले. पत्नीने आणि मी मिळून पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

पूर्ण तयार खोल्यांचा विचार सोडला. त्या विक्रेत्याला तसे कळवले. दुसऱ्या विक्रेत्याकडे खांबनिहाय तिन्ही भारांचे आकडे मागितले आहेत. त्याने महिन्याभराची मुदत मागून घेतली, त्यामुळे तो गांभीर्याने घेत आहे असे वाटते. परंतु या वर्षी घराची मागणी नोंदवणार नाही. येत्या पावसाळ्यात जमीन पाहायची, एवढेच काम. पाडव्यानंतर पाच खड्डे घेऊ; त्यांपैकी उपळ्याकडचा खड्डा ओळंबा यांनी सुचवल्याप्रमाणे पावसाळाभर राखू. शेजारच्या शेतकऱ्याने दर आठवड्याला पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवण्याचे कबूल केले आहे. उताराला आडव्या एका सरळ रेषेत सात लोखंडी खुंट्या ठोकून दोरी बांधणार आहोत, म्हणजे जमीन सरकली तर दसऱ्याला रेषा वाकलेली दिसेल.

पाण्याचा हिशोबही मांडून पाहिला. साठ चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सहा हजार लिटर पाणी होते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस आमच्याकडे आला, तर एकट्या छपराचे पस्तीस हजार लिटरहून अधिक पाणी एका दिवसात उतारावर येईल. म्हणून पन्हळीचे पाणी पाइपने थेट खालच्या ओहोळापर्यंत नेण्याची तरतूद पायाच्या आराखड्यातच असेल.

घर पुढच्या वर्षी झाले तरी डोंगरावरून येणारे पाणी घरापासून बाजूला वळवण्यासाठी वरच्या हद्दीलगत एक चर या मृगापूर्वी खणावा असा विचार आहे. रानजाईताई, आपण दुसऱ्यांदा पाया घातला तेव्हा असा चर केला होता का? केला असल्यास त्याची खोली, रुंदी आणि ढाळ कळवाल का?

रानजाई

हो, केला होता, आणि आता सहा पावसाळे तो टिकून आहे.

घराच्या वरच्या बाजूला आठ मीटरवर, घरापेक्षा दोन्ही अंगांना तीन-तीन मीटर जास्त लांब असा आहे. वरची रुंदी नव्वद सेंटीमीटर, तळाची रुंदी पंचेचाळीस आणि खोली साठ. ढाळ शंभरात एक ठेवला आहे. पहिल्यांदा शंभरात तीन ठेवला होता तेव्हा पाण्याने तळ खरवडला. तळाला आणि बाजूंना दगडी पिचिंग (दगड बसवून अस्तर) करून सांधे सिमेंटने भरले आहेत. इथे मात्र फटी बुजवायच्याच, कारण चरातले पाणी उतारात मुरता कामा नये. भिंतीत फटी ठेवायच्या आणि चरात बुजवायच्या, हा फरक गवंड्याला समोर उभे राहून समजावून सांगा; आमच्या गवंड्याने दोन्हीकडे उलटे केले होते.

चराचे तोंड मोकळ्या मातीत सोडू नका. आमचे शेवटी पऱ्याला (लहान ओढ्याला) मिळते आणि मिळण्याच्या जागी मोठ्या दगडांची उतरण केली आहे. चराच्या खालच्या काठावर वीतभर अंतराने वाळा लावला. रोपे पहिल्या सरींनंतर लावली तर जगतात; एप्रिलमध्ये लावलेली आमची निम्मी वाळली. पावसाळ्यात दर आठवड्याला पालापाचोळा काढावा लागतो. तेव्हा पाण्याची पातळी लिहिणाऱ्या त्याच शेजाऱ्याला हे कामही आत्ताच सांगून ठेवा.